‘नकळत’ या शब्दाचे मोल : अल्पवयीन चालकाचा अपघात आणि कायद्याची भाषा

१

१९ मे २०२४ रोजी पहाटेच्या सुमारास पुण्याच्या कल्याणीनगर भागात एका भरधाव मोटारीने दुचाकीला धडक दिली आणि दुचाकीवरील दोघे तरुण अभियंते मृत्युमुखी पडले. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता, असे पोलिसांचे म्हणणे होते. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने त्याला जामीन दिला. जामिनाच्या अटींत रस्ते अपघातांविषयी तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. लोकांचा संताप या निबंधावर केंद्रित झाला आणि तो स्वाभाविकही होता. तथापि, त्या गदारोळात एक प्रश्न बाजूला पडला, तो असा की, अशा प्रसंगी मृताच्या आईबापांना भरपाई देण्याचे दायित्व कोणाचे? मुलाचे, बापाचे, गाडीच्या मालकाचे की विमा कंपनीचे? आणि ज्याला शिक्षा व्हावयाची तोच भरपाई देणारा असतो काय?

हा प्रश्न विधिज्ञांचा आहे, यात शंका नाही. परंतु कायद्याचे कलम हा एक पाठही आहे. त्यातील ‘किंवा’, ‘किमान’, ‘मानण्यात येईल’, ‘माहितीवाचून’ अशा लहान शब्दांवर माणसांचे स्वातंत्र्य आणि कुटुंबांचा चरितार्थ अवलंबून असतो. म्हणून या पाठाची भाषेच्या अंगाने चिकित्सा करणे अप्रस्तुत ठरू नये. मोटार वाहन अधिनियम, १९८८ आणि बाल न्याय अधिनियम, २०१५ यांतील काही तरतुदी व त्यांवरील काही निर्णय यांच्यापुरतेच प्रस्तुत विवेचन मर्यादित आहे.

२

प्रथम ‘अपघात’ हा शब्दच पाहावा. मराठीत घात केला जातो, अपघात मात्र होतो. पहिल्या क्रियेस कर्ता लागतो, दुसरीस तो लागत नाही. ‘अपघात झाला’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्ण आहे आणि म्हणूनच ते सोयीचे आहे. वृत्तपत्रे पुष्कळदा एक पाऊल पुढे जाऊन कर्ता पुरवितात. पण तो कर्ता म्हणजे वाहन. ‘भरधाव मोटारीने दोघांना चिरडले’ या वाक्यात तृतीयेचा प्रत्यय मोटारीला लागतो आणि मोटार चालविणारा वाक्याबाहेर राहतो. मोटारीला ना वय असते ना परवाना. अशा वाक्यात दायित्वाचा प्रश्न उद्भवतच नाही.

चालक अल्पवयीन असला की प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो, कारण तेथे कर्ता एक नसून कर्त्यांची साखळी असते. मुलाने गाडी चालविली, कोणीतरी त्याला ती चालवू दिली, ती कोणाच्या तरी मालकीची होती आणि तिच्यामुळे होणाऱ्या हानीचा भार कोणीतरी विम्याच्या करारान्वये पत्करला होता. चालक, पालक, मालक आणि विमाकर्ता अशी ही चार पदे होत.

अशा साखळीचा विचार आपल्या व्याकरणपरंपरेला नवा नाही. पाणिनीने कर्त्याची व्याख्या त्याच्या स्वातंत्र्यावरून केली आणि त्या स्वतंत्र कर्त्याला प्रवृत्त करणाऱ्यास ‘हेतु’ ही संज्ञा देऊन कर्तृत्वही दिले. प्रवृत्त करणारा कर्तेपणातून सुटत नाही, असा याचा अर्थ. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त प्रयोजक क्रियापदांचा विचार आहे, तोही याच परंपरेतला. ‘मुलगा गाडी चालवितो’ आणि ‘बाप मुलाकडून गाडी चालववितो’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. पण या दोहोंच्या मध्ये एक तिसरे वाक्य आहे आणि कायद्याची खरी अडचण तेथेच आहे : ‘बाप मुलाला गाडी चालवू देतो’. येथे बाप करवीत नाही, केवळ अडवीत नाही. त्याच्याही पलीकडे चौथे वाक्य आहे : ‘मुलगा बापाच्या नकळत गाडी नेतो’. तिसऱ्या वाक्यातील बापाचे कर्तृत्व किती आणि चौथ्यात ते उरते की नाही, या प्रश्नाला दिवाणी आणि फौजदारी कायद्यांनी दिलेली उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. प्रस्तुत लेखाचा मुख्य मुद्दा हाच आहे.

३

भरपाईची बाजू आधी घेऊ. अधिनियमाच्या कलम ४ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी मोटार चालविण्यास अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात. केवळ ५० घन सेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या मोटारसायकलीस सोळा वर्षांची सवलत आहे. वय आणि परवाना या अटी न पाळणाऱ्यास गाडी चालवू देऊ नये, असे कर्तव्य कलम ५ ने मालकावर किंवा वाहन ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर टाकले आहे. येथे ‘पालक’ हा शब्द नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. सामान्य समजूत अशी की, मुलाने केलेले नुकसान बापाने बाप म्हणून भरून द्यावयाचे. केवळ पितृत्वामुळे असे दायित्व येत नाही. मोटार अपघाताच्या दाव्यात ते प्रामुख्याने येते ते वाहनाच्या मालकीमुळे. पालक आणि मालक एकच व्यक्ती असली म्हणजे हा भेद दिसत नाही. गाडी एखाद्या कंपनीच्या किंवा आप्ताच्या नावावर असली की तो एकदम उघडा पडतो.

विमा कंपनीचे काय? चालकाकडे वैध परवाना नव्हता, हा बचाव तिला कायद्याने दिलेला आहे आणि अल्पवयीन चालकाकडे मोटारीचा वैध परवाना असणे शक्यच नाही. मग मृताच्या कुटुंबाने रिकाम्या हाताने परतावयाचे काय? २००४ च्या एका महत्त्वाच्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने या बचावाला मर्यादा घातल्या. परवाना नव्हता एवढे दाखवून कंपनीची सुटका होत नाही, अटीचा भंग विमाधारकाकडून झाला हे तिने सिद्ध केले पाहिजे. आणि ते सिद्ध झाले तरीही त्रयस्थास आधी रक्कम देऊन मग ती मालकाकडून वसूल करण्यास कंपनीला सांगता येते. ‘आधी द्या, मग वसूल करा’ हे सूत्र या निर्णयाने दृढ झाले. या सूत्राचे मर्म असे की, त्याने दोन प्रश्न वेगळे केले. पीडितास पैसे कोठून मिळावेत हा एक आणि अंतिम भार कोणावर पडावा हा दुसरा. दुसऱ्याचा निकाल लागेपर्यंत पहिल्याने खोळंबून राहावयाचे नाही.

२०११ मध्ये याच न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात ‘नकळत’ हा शब्द प्रत्यक्षच कसोटीस लागला. अल्पवयीन मुलाने चालविलेल्या मोटारसायकलीच्या धडकेत एका माणसाचा मृत्यू झाला होता. मुलाने गाडी आपल्या नकळत नेली, असा मालकाचा बचाव होता. न्यायालयाने तो मानला नाही. गाडीचा दुरुपयोग होणार नाही आणि परवाना नसलेल्याच्या हाती ती पडणार नाही, हे पाहण्याची जबाबदारी मालकाची होती, असे ठरले. विमा कंपनीने पीडितांना द्यावयाची रक्कम मालकाकडून वसूल करण्याचा तिचा हक्क कायम राहिला.

या निर्णयाचे भाषिक मर्म पाहण्याजोगे आहे. ‘कळणे’ हे मराठीत कर्तृत्वाचे क्रियापद नाही. ‘मला कळले’ असे म्हणतात, ‘मी कळलो’ असे नव्हे. कळणारा माणूस चतुर्थीत उभा असतो आणि कळणे त्याच्या ठायी घडते. म्हणून ‘मला कळले नाही’ हे सांगताना माणूस आपण काय केले वा केले नाही, यांविषयी काहीच सांगत नाही. उलट ‘किल्ली जपून ठेवणे’, ‘लक्ष ठेवणे’, ‘मना करणे’ या सर्व क्रिया आहेत आणि त्यांना कर्ता लागतो. २०११ च्या निर्णयाने मालकाला ‘तुला कळले होते काय?’ असे विचारले नाही, ‘तू काय केलेस?’ असे विचारले. दिवाणी दायित्वाची भूमिका म्हणून ही भूमिका सर्वथा योग्य वाटते.

दिल्लीत ४ एप्रिल २०१६ रोजी घडलेल्या घटनेच्या दाव्यातही हाच दृष्टिकोन दिसतो. तेथे अठरा वर्षे पूर्ण होण्यास काही दिवसच उरलेल्या मुलाने चालविलेल्या मोटारीच्या धडकेत बत्तीस वर्षांचा एक पादचारी ठार झाला. २०२४ मध्ये मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने त्याच्या आईवडिलांना व्याजासह सुमारे १ कोटी ९८ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. मुलाला न अडविण्यात बापाची मूक संमती होती, असे न्यायाधिकरणाने मानले. रक्कम विमा कंपनीने द्यावी आणि मालकपक्षाकडून वसूल करावी, हेच सूत्र येथेही लागू झाले. ‘मूक संमती’ हा शब्दप्रयोग अर्थपूर्ण आहे. वर उल्लेखिलेल्या तिसऱ्या वाक्यातील ‘चालवू देणे’ या अकृतीलाच येथे कृतीचे मोल आले. मात्र हा आदेश मिळण्यास आठ वर्षे लागली, हेही विसरता येत नाही.

भरपाईची रक्कम ठरते कशी, हेही थोडक्यात सांगणे इष्ट होय. अनेकांना ती न्यायाधीशाची मर्जी किंवा सरकारी मदत वाटते. २००९ आणि २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांनी तिला निश्चित पद्धत दिली. चोवीस वर्षांच्या अविवाहित, कायम नोकरीतील तरुणाचे कर वजा जाता वार्षिक उत्पन्न ६ लाख रुपये होते असे उदाहरणादाखल धरले, तर भावी वाढीपोटी निम्मी रक्कम मिळवून ९ लाख होतात. अविवाहिताच्या स्वतःच्या खर्चापोटी त्यांतील अर्धे वजा केले की ४ लाख ५० हजार उरतात. या वयास लागू असलेल्या १८ या गुणकाने त्यांना गुणिले की ८१ लाख होतात. अंत्यविधी इत्यादी बाबींच्या ठराविक रकमा त्यांत मिळवावयाच्या. या गणितात चालकाचे वय कोठेही येत नाही. मृत्यू सतरा वर्षांच्या मुलामुळे आला म्हणून मृताच्या आईबापांचे नुकसान कमी होत नाही.

४

आता दंडविधानाकडे वळू. २०१९ च्या सुधारणेने मोटार वाहन अधिनियमात कलम १९९-अ घातले गेले आणि ते १ सप्टेंबर २०१९ पासून अमलात आले. त्याचा आशय असा : बालकाने या अधिनियमाखालील अपराध केला असता त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी असल्याचे मानण्यात येईल. त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकेल. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होईल. मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळणार नाही.

वरवर पाहता हे कलम म्हणजे प्रयोजकाचे कर्तृत्व मान्य करणे होय, आणि तसे ते आहेही. परंतु त्याच्या रचनेत तीन दुबळ्या जागा आहेत.

पहिली जागा ‘या अधिनियमाखालील अपराध’ या शब्दांत आहे. परवान्याशिवाय गाडी चालविणे किंवा धोकादायक रीतीने ती चालविणे हे मोटार वाहन अधिनियमाखालील अपराध होत. परंतु निष्काळजीपणाने मृत्यू घडविणे हा अपराध त्या अधिनियमात नाही, तो पूर्वी भारतीय दंड संहितेत होता आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत आहे. अर्थात पालकास दोषी ‘मानण्यात’ येते ते मुलाने गाडी बेकायदा चालविल्याबद्दल, माणूस मेल्याबद्दल नव्हे. ‘मुलाच्या गुन्ह्याची शिक्षा आता बापाला’ हा या कलमाचा लोकप्रिय अनुवाद म्हणूनच सदोष आहे.

दुसरी जागा ‘पालक किंवा मालक’ यातील ‘किंवा’ची. हा ‘किंवा’ दोहोंपैकी एकच असे सांगतो की दोघांपैकी कोणीही, प्रसंगी दोघेही असे सांगतो? दोन्ही अर्थ संभवतात. गाडी मामाची आणि पालक बाप, असा प्रसंग कल्पिला म्हणजे ही संदिग्धता केवळ वैयाकरणाची उठाठेव नाही, हे पटेल.

तिसरी जागा सर्वांत महत्त्वाची, आणि ती परंतुकात आहे. अपराध आपल्या माहितीवाचून घडला किंवा तो टाळण्यासाठी आपण सर्व योग्य दक्षता घेतली होती, असे पालकाने वा मालकाने सिद्ध केल्यास तो शिक्षेस पात्र होत नाही. मुलाने गाडी वापरली ती संमतीनेच, असे न्यायालयाने गृहीत धरावयाचे आहे, हे खरे. त्यामुळे सिद्धतेचा भार बापावर पडतो आणि ते योग्यच आहे. पण सिद्ध काय करावयाचे? दोन पर्याय ‘किंवा’ने जोडले आहेत आणि त्यांतील एक पुरेसा आहे. ज्याने किल्ली कुलपात ठेवली, मुलाला बजावले, रात्री दार लावले, तो दुसऱ्या पर्यायाने सुटतो. हे न्याय्य आहे. पण ज्याने यांतील काहीही केले नाही, किल्ली दिवाणखान्यातल्या खुंटीवर टांगून जो निर्धास्त झोपी गेला, तोही पहिल्या पर्यायाने सुटू शकतो, कारण त्याला ‘कळले नव्हते’. दक्ष आणि बेफिकीर हे दोघे एकाच परंतुकातून बाहेर पडतात. जो जितके कमी पाहील तितका तो अधिक सुरक्षित, असा विपरीत धडा या रचनेतून मिळतो.

दिवाणी बाजूस २०११ मध्ये जो बचाव निरुपयोगी ठरला, तोच फौजदारी बाजूस २०१९ च्या सुधारणेने स्वतंत्र आणि पुरेसा बचाव म्हणून स्वीकारला, असे यावरून दिसते. शिक्षेसाठी अधिक कडक कसोटी हवी, कारण तेथे माणसाचे स्वातंत्र्य पणाला लागते, असा युक्तिवाद येथे करता येईल आणि तो वजनदार आहे. तथापि, कडक कसोटी म्हणजे अज्ञानाला बक्षीस नव्हे. परंतुकातील ‘किंवा’च्या जागी ‘आणि’ घातला, म्हणजे माहितीही नव्हती आणि दक्षताही घेतली होती असे दोन्ही दाखवावे लागले, तर निरपराध पालकाचे काहीच बिघडत नाही, कारण त्याला दोन्ही दाखविता येतात. बिघडते ते फक्त डोळे मिटून बसणाऱ्याचे.

५

मुलाच्या स्वतःच्या फौजदारी दायित्वाचा निर्णयही एका शब्दावर लागला आणि तोही दिल्लीच्या याच घटनेतून. बाल न्याय अधिनियमाप्रमाणे सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर प्रौढाप्रमाणे खटला चालविण्याचा विचार केवळ ‘निर्घृण’ अपराधात होऊ शकतो. निर्घृण अपराध म्हणजे ज्याची किमान शिक्षा सात वर्षे वा अधिक आहे असा. मुलावर आरोप होता तो सदोष मनुष्यवधाचा. त्याची कमाल शिक्षा सात वर्षांहून अधिक, पण किमान शिक्षा ठरविलेलीच नव्हती. ‘किमान’ हा शब्द अनवधानाने पडला असून तो वगळून वाचावा, असा आग्रह न्यायालयापुढे धरला गेला. ९ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. विधिमंडळाने घातलेला शब्द अर्थ अडचणीचा होतो म्हणून पुसता येत नाही, हे त्यामागील तत्त्व होय. असा अपराध ‘गंभीर’ वर्गात मोडेल, असे न्यायालयाने सांगितले आणि २०२१ च्या सुधारणेने संसदेने तीच व्यवस्था कायद्यात आणली. पुण्याच्या प्रकरणातही मुलाला प्रौढ मानण्याची पोलिसांची मागणी बाल न्याय मंडळाने १५ जुलै २०२५ रोजी फेटाळली.

या निर्णयांनी अनेकांचे समाधान झाले नाही. पण येथे एक विवेक करणे आवश्यक आहे. मुलाला प्रौढ मानले नाही म्हणून मृताच्या कुटुंबाचा भरपाईचा हक्क तिळमात्र कमी होत नाही. मुलाला मुलाप्रमाणे वागविणारा कायदा आणि मृताच्या कुटुंबाला पूर्ण भरपाई देणारा कायदा हे परस्परविरोधी नाहीत. ते विरोधी वाटतात, याचे कारण लोकभाषेत ‘न्याय’ या एकाच शब्दात शिक्षा आणि भरपाई दोन्ही कोंबल्या जातात. त्यामुळे शिक्षा झाली नाही की सर्वच गेले, असे वाटू लागते.

६

या संभ्रमाची किंमत मोजतात ती साधी माणसे. वृत्तांतांतून ‘मदत’, ‘मोबदला’, ‘अनुदान’ आणि ‘भरपाई’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. वस्तुतः मदत दयेने दिली जाते, मोबदला दिलेल्या वस्तूच्या बदल्यात येतो, अनुदान धोरणाने मंजूर होते. भरपाई मात्र हक्काने मागावयाची असते. मुलाच्या जिवाचा ‘मोबदला’ मागणे कोणत्याही आईला लाजिरवाणे वाटेल आणि ‘मदती’ची वाट पाहत कित्येक कुटुंबे स्वस्थ बसतील. पण मोटार अपघाताच्या दाव्याला मुदतीचाही प्रश्न आहे. १९९४ मध्ये काढून टाकलेली मुदत २०१९ च्या सुधारणेने पुन्हा आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून अर्ज सहा महिन्यांत करण्याचे बंधन आले. या बंधनाच्या वैधतेस आव्हान दिले गेल्यावर, केवळ मुदत उलटली म्हणून अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. तरीही विलंबाने पुरावा विरतो, हे कोणताही आदेश थांबवू शकत नाही.

त्याच सुधारणेतील कलम १६४ मात्र वेगळ्या दिशेने जाते. कोणाची चूक होती हे सिद्ध न करताही मृत्यूबद्दल ५ लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मालकाकडून वा विमा कंपनीकडून मागता येतात. हे कर्ताविरहित वाक्यच आहे, पण वृत्तपत्रातील ‘अपघात झाला’ याच्या नेमके उलट. तेथे कर्ता लोपतो आणि दायित्वही लोपते, येथे कर्ता शोधण्याची अट लोपते आणि दायित्व उरते. एकच व्याकरणिक रचना कोणाच्या बाजूने उभी आहे, हे पाहिल्याशिवाय तिच्यावर गुणदोषाचा शिक्का मारू नये, हा बोध भाषेच्या अभ्यासकासही यातून घेता येईल.

७

सारांश असा. अल्पवयीन चालकाच्या अपघातात भरपाईचा कायदा, त्याला लागणारा दीर्घ काळ सोडल्यास, तत्त्वतः सुदृढ आहे. त्याने कर्ता आणि देणारा यांचा भेद ओळखला, पीडितास आधी पैसे पोहोचविण्याची वाट काढली आणि ‘नकळत’ या शब्दाला बचावाचे मोल देण्याचे नाकारले. दंडाचा कायदा मात्र प्रयोजकाला कर्ता म्हणता म्हणता परंतुकातल्या एका ‘किंवा’पाशी अडखळतो. तो ‘किंवा’ बदलणे हे संसदेचे काम आहे. ‘मोटारीने चिरडले’ या वाक्यात चालविणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्याला परत आणणे हे मात्र लिहिणाऱ्यांचे काम आहे आणि त्याला कोणत्याही सुधारणा विधेयकाची वाट पाहावयाची नाही. कल्याणीनगरच्या घटनेनंतर मुलाला तीनशे शब्द लिहावयास सांगितले गेले. त्या घराच्या किल्ल्या कोठे टांगलेल्या असतात, हा प्रश्न घराघरांतील मोठ्या माणसांनी स्वतःला विचारला असता, तर त्याचे उत्तर एका शब्दातही देता आले असते. ‘नकळत’ हा तो शब्द नव्हे.